नेहमीचे मरण, जास्तीचे मरण

आमच्या भंडारा जिल्ह्यात जुन्या माणसांच्या तोंडी काळ मोजण्याचे एक माप असे. अमक्याचा जन्म मानमोडीच्या आधीचा, तमकीचे लग्न मानमोडीनंतरचे. माझ्या आजीने ती साथ पाहिली नव्हती. तिच्या आईने पाहिली होती. तरी आजी वर्षे मोजायची ती याच मापाने. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा. ताप चढला की मान वर उचलवत नसे, म्हणून लोकांनी त्याला आपल्या भाषेत हे नाव दिले, असे आजी सांगे. लोकांनी नाव दिले, वर्षाला खूण केली, पण वाङ्मयाने त्या खुणेपाशी थांबून काय पाहिले, हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे. या लेखात तोच मांडण्याचे योजिले आहे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात १९१८ हे साल शोकाचे म्हणून नोंदलेले आहेच, पण निराळ्या कारणाने. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ बालकवी आगगाडीखाली सापडले. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला गडकरी क्षयाने गेले. या दोन तारखा आम्ही शिक्षक वर्गात फळ्यावर लिहितो, आणि लिहिताना आजही हात जड होतो. पण या दोन मृत्यूंच्या मधल्या साडेआठ महिन्यांत मध्यप्रांतात आणि मुंबई इलाख्यात जे घडले त्याची तारीख आम्ही लिहीत नाही. जूनमध्ये मुंबईत पहिली लाट आली ती सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ माणसे मेली. पुढे तीच साथ देशाच्या आतल्या भागात पसरली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते. उपाशी शरीरांवर ताप आला. त्याने म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे अधिक नेली, आणि पुरुषांपेक्षा बायका अधिक नेल्या. घरात आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाई, आणि ताटात शेवटी उरलेले खाणारीही तीच. तेव्हा या शेवटच्या गोष्टीचे आश्चर्य वाटू नये.

किती माणसे गेली? प्रारंभीचा सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या शिरगणतीचा अहवाल मार्टन यांनी लिहिला, त्यात आकडा १ कोटी २०-३० लाखांपर्यंत गेला. १९८६ साली मिल्स या संशोधकाने पुन्हा हिशेब मांडला तेव्हा तो १ कोटी ७०-८० लाख झाला. नंतर काहींनी तो १ कोटी ४० लाखांच्या आसपास आणला. मेलेली माणसे दर वेळी नव्याने मेली नाहीत. मोजण्याची रीत बदलत गेली. आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले तर १९११ ते १९२१ या दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे पावणेआठ लाखांनी घटली. शिरगणतीच्या आजवरच्या इतिहासात असे दशक एवढे एकच आहे.

ही मोजण्याची रीत सामान्य वाचकाने समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक कथनाचा प्रश्न दडलेला आहे. साथीत कोण कशाने मेला हे डॉक्टरने लिहून ठेवलेले नसते. खेड्यात तर डॉक्टरच नसतो. म्हणून हिशेब असा करतात: साथीच्या आधीच्या काही वर्षांत दरसाल साधारण किती माणसे मरत होती ते पाहावयाचे, ते झाले नेहमीचे मरण. साथीच्या वर्षी किती मेली ते पाहावयाचे. दुसऱ्यातून पहिले वजा केले की उरते ते जास्तीचे मरण. तापाने मेला की भुकेने, की तापात पाणी द्यायला कोणी उठू शकले नाही म्हणून मेला, असा वाद या वजाबाकीला घालावा लागत नाही. म्हणून ती प्रामाणिक आहे. पण तिला दोन गोष्टी लागतात. मेलेल्याची नोंद झालेली असावी लागते. आणि नेहमीचे म्हणून काहीतरी आधी मान्य करावे लागते.

नोंदीचे पाहू. आमच्या भागात त्या काळी गावातल्या जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर पोचवीत असे तो गावचा कोतवाल, आणि नागपूरकडच्या मराठी मुलखात तो बहुधा महार असे. मालगुजाराच्या वाड्यातले मरण असो की टोलीतले, ते सरकारच्या कागदावर चढे ते त्याच्या पायांनी. साथीत तोही आडवा झाला. ज्या गावात मरण सर्वांत दाट, त्याच गावात खबर नेणारा नाही. म्हणजे तक्ता नेमका तिथेच मुका झाला जिथे त्याने बोलावयास हवे होते. सरकारी आकडे पुढे वाढत गेले त्याचे एक मोठे कारण नोंदीची ही कोलमडलेली व्यवस्था होय.

शहरात नोंद बरी होती, म्हणून मुंबईचा तक्ता उपलब्ध आहे आणि तो जमातवार आहे. १९१८ च्या साथीत दर हजारी किती मेले याचे ते आकडे असे: युरोपियन ८.३, पारशी ९.०, अँग्लो-इंडियन ११.९, ज्यू १४.८, देशी ख्रिस्ती १८.४, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि ज्यांना तक्ता ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणतो ते ६१.६. जंतूला जात कळत नाही हे आपण मुलांना शिकवतो आणि ते खरेही आहे. पण खोलीत किती माणसे निजतात, नळ किती लांब आहे, आजारी पडल्यावर किती दिवस मजुरी बुडवता येते, हे सर्व जातीला कळते. आणि जंतू तिथून आत येतो. सवर्ण आणि अस्पृश्य यांच्यातले हे तिपटीहून मोठे अंतर कोणाही मराठी कादंबरीकाराने एका पानात दाखवलेले माझ्या वाचनात नाही. एका कारकुनाने ते एका ओळीत दाखवले.

येथे कोणी म्हणेल, मोजणे हे कारकुनाचे काम, कादंबरीकाराचे नव्हे. मला हे पटत नाही, आणि माझ्या बाजूने एक फार जुना साक्षीदार आहे. डॅनियल डीफोने १७२२ साली १६६५ च्या लंडनच्या प्लेगवर ‘जर्नल ऑफ द प्लेग इयर’ लिहिले. प्लेग आला तेव्हा तो पाचेक वर्षांचा मूल होता. कथा सांगतो तो एक खोगीरवाला. हा खोगीरवाला प्लेग ओळखतो कशावरून? कागदावर प्लेगचे बळी दोन-चारच आहेत. पण तो दर आठवड्याला छापून येणारे दफनाचे तक्ते वाचतो आणि पाहतो की अमक्या दोन वस्त्यांत एरवी आठवड्याला बारा ते सतरा-एकोणीस दफने होतात, ती आता वाढत चालली आहेत. घरावर शिक्का बसू नये म्हणून लोक दुसऱ्याच रोगाचे नाव लिहवून घेत आहेत हे त्याला त्यावरून कळते. शेवटी अधिकृत आकडा ६८,५९० असताना तो म्हणतो, माझ्या मते एक लाख. जास्तीचे मरण ही कल्पना संख्याशास्त्रज्ञांनी शास्त्रशुद्ध करण्याच्या कितीतरी आधी एका कादंबरीकाराने ती कथनाचा कणा म्हणून वापरली. आणि पुस्तक रूक्ष झाले नाही. उलट, आकडा वाढताना वाचकाच्या पोटात जो गोळा येतो तो निव्वळ वर्णनाने आला नसता.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आणि माझ्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. अल्बेर कामूची ‘ला पेस्त’ १९४७ ची. अल्जीरियातील ओरान शहरात प्लेग येतो. येथेही आकडे आहेत. आधी आठवड्याचे, मग रोजचे. कादंबरीत रांबेर नावाचा वार्ताहर पॅरिसहून येतो तो शहरातल्या अरबांच्या राहणीची चौकशी करायला. त्यानंतर शहराचे दरवाजे बंद होतात, शेकडो मरतात, आणि अरब पुस्तकातून जवळजवळ नाहीसे होतात. त्यांची वस्ती नाही, त्यांचे नाव नाही, त्यांचे मरण एकूण बेरजेत विरघळून गेले आहे. आयरिश टीकाकार कॉनॉर क्रूझ ओब्रायन यांनी १९७० मध्ये कामूवर हा दोष ठेवला. कामूला प्लेगच्या रूपाने जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्सचे चित्र काढावयाचे होते हे खरे, आणि ते त्याने थोर रीतीने काढले. पण रूपक उभारण्यासाठी शहर खरे घेतले की शहरातली माणसेही घ्यावी लागतात. याच कादंबरीत ग्रां नावाचा एक गरीब पालिका-कारकून आहे. तो दिवसा मृतांचे आकडे जुळवतो आणि रात्री स्वतःच्या कादंबरीचे पहिले वाक्य पुन्हा पुन्हा लिहितो. आकडे एका वहीत, कादंबरी दुसऱ्या वहीत. दोन्ही एकाच हाताची. ती दोन कामे एक आहेत असे त्याच्या मनात येत नाही. ग्रां मला माझ्या ओळखीचा वाटतो. त्याचे कारण शेवटी सांगेन.

आता आपल्याकडे वळू. प्लेगची आठवण मराठी मनाला आहे, पण ती मुख्यतः २२ जून १८९७ ची, रँडवर झाडलेल्या गोळीची आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घालून त्यांनी दवाखान्यात आणले होते. पोर वाचले, त्या वाचल्या नाहीत. या दोन घटनांपैकी कोणत्या घटनेने आपल्या वाङ्मयाची किती पाने व्यापली याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रां’त प्लेगच्या छावणीची पाने लिहिली ती अपवाद म्हणून उठून दिसतात, कारण तिथे माणसे आहेत, साथ ही केवळ पार्श्वभूमी नाही. मानमोडीच्या बाबतीत तर आपल्याला हिंदीकडे पाहावे लागते. निराला यांची पत्नी आणि घरातली अनेक माणसे त्या साथीत गेली, आणि ‘कुल्ली भाट’मध्ये प्रेतांनी भरलेली गंगा त्यांनी लिहून ठेवली.

मग मराठीत या विषयाचे काहीच नाही काय? असा निष्कर्ष मी काही वर्षांपूर्वी काढला असता. पण वजाबाकीला दोन आकडे लागतात हे ध्यानात आल्यावर मला दिसू लागले की मराठी वाङ्मयाच्या एका प्रवाहाने पहिला आकडा, म्हणजे नेहमीचा, लिहून ठेवलेला आहे. बाबूराव बागूल यांच्या १९६९ च्या कथासंग्रहाचे नावच ‘मरण स्वस्त होत आहे’ असे आहे. त्यात साथ नाही. साथ नसतानाचा, कोणत्याही वर्षाचा, झोपडपट्टीतला भाव त्यात सांगितला आहे. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. गावकामगार महार म्हणून लेखकाच्या वडिलांनी त्या प्रेताची राखण करावयाची, आणि पोलीस आले की जिवावर उदार होऊन विहिरीत उतरून ते वर काढावयाचे. दुसऱ्याच्या मरणाची नोंद व्हावी म्हणून आपला जीव टांगणीला लावणारा हा माणूस म्हणजे वर सांगितलेल्या कोतवालाचाच भाऊ. टीकाकारांनी या पुस्तकांना दुःखाची, विद्रोहाची पुस्तके म्हटले. ती तशी आहेतच. पण ती मोजमापाचीही पुस्तके आहेत. शांत वर्षात मरण किती असते हे ती सांगतात, आणि ते ज्याला ठाऊक नाही त्याला साथीचा आकडा वाचता येत नाही.

हे जरा उघड करून सांगतो. दोन वस्त्या कल्पू. पहिलीत एरवी दर हजारी १० माणसे मरतात, साथीत १३ मेली. दुसरीत एरवी १५ मरतात, साथीत १९ मेली. टक्केवारीने पाहिले तर पहिल्या वस्तीत मरण तीस टक्क्यांनी वाढले, दुसरीत सत्तावीसच. म्हणजे पहिलीला अधिक तडाखा बसला! माणसे मोजली तर पहिलीत ३ जास्त, दुसरीत ४. पण दुसऱ्या वस्तीचे नेहमीचे १५ हे मुळात कोणी नेहमीचे ठरवले? ती पहिलीसारखी राहती, तिला तेच पाणी, तोच दवाखाना मिळता, तर तिचेही नेहमीचे १० असते, आणि मग जास्तीचे मरण ४ नसून ९ भरले असते. मधले ५ साथीने मेले नाहीत. ते दरसाल मरतात, म्हणून ते वजाबाकीत कापले जातात. गणित चुकलेले नाही. पण त्या गणिताने जे गृहीत धरले ते तपासणे हे टीकेचे काम आहे.

परवाच्या साथीने हे सर्व पुन्हा आपल्या दारात आणले. देशात नोंदलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख होते. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्याने, लोकसंख्या वाढल्याने होते हे धरूनही शेवटची उडी डोळ्यांत भरते; करोनाचे म्हणून जाहीर झालेले मृत्यू २०२१ अखेर सुमारे ४.८ लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील जास्तीचे मरण ४७ लाख धरले. सरकारने ते अमान्य केले. पण कोणत्या समाजाचे किती, हे या आकड्यांतून निघत नाही. आपल्या मृत्यूनोंदणीच्या अर्जात धर्म विचारतात, व्यवसाय विचारतात. जात विचारत नाहीत. परक्या सरकारने जातवार मोजले कारण त्याला आपण तसेच दिसत होतो. स्वराज्याने तो रकाना ठेवला नाही, त्यामागे सद्हेतू असेल. पण रकाना गेल्याने अंतर गेले नाही, ते दिसेनासे झाले.

ते दिसावे म्हणून काही संशोधकांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील घरोघरच्या उत्तरांतून २०२० चा हिशेब काढला आणि २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका वर्षात सरासरी आयुर्मान एकंदर २.६ वर्षांनी घटले, असे त्यांचे म्हणणे. पुरुषांचे २.१, स्त्रियांचे ३.१. उच्चवर्णीय हिंदूंचे १.३, अनुसूचित जातींचे २.७, अनुसूचित जमातींचे ४.१, मुसलमानांचे ५.४. सरकारने याही हिशेबावर आक्षेप घेतला आहे, आणि पद्धतीचा वाद तज्ज्ञांनी घालावा. मला दोन गोष्टी नोंदवावयाच्या आहेत. एक, ही घट ज्यांची मोठी त्यांचे आयुर्मान आधीच कमी होते. म्हणजे वर सांगितलेले मधले ५ येथेही बाहेरच राहिले. दुसरी, हा हिशेब चौदा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांचा आहे. त्यांत महाराष्ट्र नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली येथल्या टोल्या आणि पाडे त्या तक्त्यात नाहीत.

२०२० च्या पावसाळ्याअखेर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत मीही आशाताईंबरोबर दारोदार हिंडलो. ताप किती, प्राणवायू किती, मधुमेह आहे का, हे लिहीत गेलो. एका घरी म्हातारी म्हणाली, ‘‘आमच्याकडचा तं मांगल्या महिन्यात गेला जी, त्याचं काय लिवता?’’ मी कागद उलटसुलट पाहिला आणि पुढच्या घरी गेलो.

आता ग्रांची गोष्ट. मी एक कादंबरी लिहिली आहे. तिच्यात मानमोडी येते. मालगुजाराची धाकटी सून त्यात मरते. तिच्या मरणाला मी अकरा पाने दिली, आणि ती वाचून लोक रडले असे मला सांगण्यात आले. त्याच प्रकरणात एक वाक्य आहे: टोलीतून रोज तिरड्या उठत होत्या. एवढेच. पुस्तक निघाल्यावर पूर्वी कोतवालकी असलेल्या एका घरातले वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांनी पुस्तक पूर्ण वाचले होते. रागावले नव्हते. चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, मालगुजाराच्या सुनेचं नाव लिवलं तुमी, चांगलं केलं. टोलीतल्या लोकाईले नाव नव्हते का जी?’’

मी काय उत्तर देणार? सुनेचे मरण मला जास्तीचे वाटले, टोलीतले नेहमीचे. जे नेहमीचे त्याला एक वाक्य पुरते. तक्त्याच्या कारकुनाला जी सवलत त्याच्या रीतीने दिली, ती मी स्वतःच घेतली होती, आणि त्याने निदान ६१.६ हा आकडा तरी लिहिला होता.

मराठीत मानमोडीची कादंबरी लिहिली जावी, आणि २०२१ च्या उन्हाळ्याचीही. ती लिहिणाऱ्याने तक्ते वाचावेत. त्यात कमीपणा नाही, डीफोने वाचले होते. पण वजाबाकी करण्यापूर्वी त्याने एक शांत वर्ष लिहावे: साथ नसलेले, पाऊस बरा झालेले, धान घरात आलेले वर्ष, आणि त्या वर्षी टोलीत कोण कोण गेले ते, नावानिशी. माझ्या टेबलावर सध्या असे एक वर्ष पडून आहे. ते गृहस्थ अधूनमधून येतात, आणि आठवेल तसे एकेक नाव सांगून जातात.